एका सहीचा इतिहास

विद्वत्तेच्या व्यवहारातील एक रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे वेगळेपण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शोधनिबंध लिहिणारा संशोधक त्याबद्दल मानधन घेत नाही, प्रसिद्धीपूर्वी निबंधाची पारख करणारे त्या विषयातील जाणकारही बहुधा विनामोबदला काम करतात, संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी तिजोरीतून झालेला असतो. आणि तरीही निबंध स्वीकारला गेला की लेखक एका छापील कागदावर सही करून आपला स्वामित्वहक्क प्रकाशकाच्या स्वाधीन करतो. स्वामित्वहक्क म्हणजे त्या लेखनाच्या प्रती काढण्याचा, त्या वाटण्याचा, त्याचे भाषांतर करण्याचा आणि या गोष्टी इतरांना करू देण्याचा किंवा न देण्याचा कायदेशीर अधिकार. तो एकदा हातचा गेला की तोच निबंध वाचण्यासाठी लेखकाच्याच विद्यापीठाला वर्गणी भरावी लागते, आणि वर्गणी न परवडणाऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला तो मिळतच नाही. ही घडी ज्ञानप्रसाराइतकीच जुनी आहे असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात संशोधन नियतकालिकांचा इतिहास साडेतीनशे वर्षांहून मोठा आहे आणि त्यात ही सही सार्वत्रिक होऊन जेमतेम पन्नास वर्षे झाली आहेत. त्याआधी तिच्यावाचून काम चालत होते, आणि पुढे ती निराळ्या शब्दांत करण्याच्या वाटाही निघाल्या. संशोधन कोणापर्यंत पोचावे या प्रश्नाची किल्ली यंत्रांत किंवा पैशांत जितकी आहे, त्याहून अधिक या कागदात आहे, असे हा इतिहास सांगतो.

१६६५ च्या जानेवारीत पॅरिसमध्ये 'जर्नाल दे सावां' निघाले आणि ६ मार्चला लंडनमध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स'चा पहिला अंक प्रसिद्ध झाला. रॉयल सोसायटी या विद्वत्संस्थेचा चिटणीस हेन्री ओल्डनबर्ग याने हे दुसरे नियतकालिक स्वतःच्या जबाबदारीवर चालवले होते. त्यातून काही उत्पन्न होईल अशी त्याची आशा होती, पण ती फारशी सफल झाली नाही. संस्थेने ते अधिकृतपणे आपल्या हाती घेतले ते १७५२ मध्ये. ओल्डनबर्गच्या काळात लेखकाचा स्वामित्वहक्क ही कल्पनाच इंग्लंडच्या कायद्यात नव्हती. लंडनच्या मुद्रक आणि ग्रंथविक्रेत्यांच्या संघाच्या, म्हणजे स्टेशनर्स कंपनीच्या, नोंदवहीत ज्या सभासदाच्या नावे एखादे पुस्तक नोंदले गेले, त्याला ते छापण्याचा अधिकार मिळे. १७१० च्या एप्रिलमध्ये राणी ॲनच्या कारकिर्दीतील कायदा अमलात आला आणि त्याने हा अधिकार प्रथमच लेखकाला दिला, तोही मुदतीचा : चौदा वर्षे आणि लेखक हयात असल्यास आणखी चौदा. या कायद्याच्या शीर्षकात विद्येला उत्तेजन देणे हाच हेतू सांगितलेला होता आणि नव्या पुस्तकांच्या नऊ प्रती ठरावीक ग्रंथालयांना देण्याची तरतूदही त्यात होती, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण स्वामित्वहक्काचा जन्म आणि ग्रंथालयाचा दावा हे एकाच कागदावर, एकाच दिवशी आलेले आहेत. १७७४ मध्ये डोनल्डसन विरुद्ध बेकेट या खटल्यात लॉर्ड्स सभेने कायमस्वरूपी हक्काची ग्रंथविक्रेत्यांची मागणी फेटाळली आणि मुदत संपल्यावर पुस्तक सर्वांचे होते हे तत्त्व पक्के झाले.

या सगळ्या धामधुमीशी संशोधनपर नियतकालिकांचा फारसा संबंध आला नाही. रॉयल सोसायटीसारख्या संस्था आपल्या नियतकालिकातील निबंध दुसऱ्या मासिकाने उतरवून घेतले किंवा त्यांचा गोषवारा दिला तर त्याकडे वार्ता पसरण्याचा मार्ग म्हणून पाहत. नियतकालिक बहुतेक तोट्यातच चाले, तो तोटा सभासदांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून भरून निघे, आणि अंकांच्या पुष्कळशा प्रती इतर विद्वत्संस्थांना भेट किंवा अदलाबदलीत पाठवल्या जात. अदलाबदलीची ही पद्धत मुंबईतही रुजली होती. १८०४ मध्ये स्थापन झालेल्या लिटररी सोसायटीचे पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत रूपांतर झाले आणि या शाखेचे नियतकालिक १८४१ पासून निघू लागले. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांनी ताम्रपट आणि शिलालेख वाचून लिहिलेले निबंध त्यात प्रसिद्ध झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालील भारतात स्वामित्वहक्काचा पहिला कायदा झाला तो १८४७ मध्ये, म्हणजे बाळशास्त्रींच्या निधनानंतर एका वर्षाने. मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेले आरंभीचे शोधनिबंध अशा रीतीने या देशात स्वामित्वहक्काचा कायदाच नसताना छापले गेले, आणि युरोपातील विद्वानांपर्यंत पोचण्यात त्यांना त्यामुळे कोणतीही अडचण आली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्या शतकात संशोधनाचे खरे दळणवळण एका अगदी साध्या वस्तूवर चालत होते. ती म्हणजे निबंधाची सुटी प्रत. अंक छापून झाला की त्याच मुद्रणातील एका निबंधाची पाने वेगळी शिवून किंवा पिना मारून, वर पातळ रंगीत कागदाचे आवरण घालून, पंचवीस, पन्नास किंवा अधिक प्रती लेखकाला दिल्या जात, आणि त्या त्याने ओळखीच्या आणि अनोळखी अभ्यासकांना पोस्टाने पाठवाव्यात असा रिवाज होता. विसाव्या शतकाच्या मध्यापासून यासाठी छापील कार्डेच निघाली. वर प्रयोगशाळेचा पत्ता, मध्ये निबंधाचे नाव, खंड आणि पृष्ठ लिहिण्यासाठी मोकळ्या रेघा आणि खाली आगाऊ आभार, एवढाच मजकूर त्यावर असे. यूजीन गारफील्ड यांनी अमेरिकेतून सुरू केलेल्या 'करंट कंटेन्ट्स' या साप्ताहिकात निरनिराळ्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका आणि लेखकांचे पत्ते छापलेले असत, त्यामुळे ज्या ग्रंथालयात मूळ नियतकालिक येत नव्हते तेथील संशोधकही ते पाहून कार्ड टाकू शकत असे. भारतातील कितीतरी प्रयोगशाळांतून अशी कार्डे परदेशी गेली आणि काही आठवड्यांनी, पाकिटावर परकी तिकिटे लागलेली, त्या सुट्या प्रतींची उत्तरे आली. संशोधकांच्या कपाटांत खोक्यांत लावून ठेवलेल्या या प्रती हेच पुष्कळांचे खरे ग्रंथालय होते. येथे एक गोष्ट उघड दिसते. आपला निबंध मागणाऱ्याला तो पाठवणे हे लेखकाचे कर्तव्यच मानले जात होते, आणि त्याआड कोणाचा हक्क येतो असा विचारही कोणाच्या मनात येत नव्हता.

अडचण उभी केली ती प्रत काढणाऱ्या यंत्रांनी. छायाचित्रणाच्या तंत्राने पुस्तकाच्या पानाची थेट कागदावर प्रत काढता येऊ लागली, तेव्हा अमेरिकेतील ग्रंथालयांपुढे प्रश्न आला की अभ्यासकाला अशी प्रत काढून देणे हा हक्कभंग आहे काय. १९३५ मध्ये ग्रंथप्रकाशकांची संघटना आणि विद्वत्संस्थांची संयुक्त समिती यांच्यात यावर एक समझोता झाला. संशोधनासाठी मागणाऱ्या अभ्यासकाला ग्रंथालयाने नफा न घेता एक प्रत काढून द्यावी, हाताने उतरवून घेण्याच्या जुन्या पद्धतीचाच हा नवा प्रकार समजावा, असा त्याचा आशय होता. त्याला कायद्याचे बळ नव्हते आणि सभ्य माणसांचा शब्द एवढेच त्याचे स्वरूप होते. तरी तो सुमारे चाळीस वर्षे पाळला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या रॉयल सोसायटीने पुढाकार घेऊन अशाच अर्थाचे एक निवेदन तयार केले आणि अनेक नियतकालिकांनी त्याला संमती दिली. संशोधन नियतकालिके मुख्यतः विद्वत्संस्थांच्या हातात होती तोवर हा शब्द टिकला, कारण देणारे आणि घेणारे एकाच बिरादरीतले होते.

महायुद्धानंतर ती बिरादरी पालटली. विज्ञानावरील सरकारी खर्च झपाट्याने वाढला, निबंधांची संख्या वाढली, आणि विद्वत्संस्थांना जेवढी नियतकालिके काढणे झेपत होते त्यापेक्षा कितीतरी अधिक नियतकालिकांची गरज निर्माण झाली. ही पोकळी व्यापारी प्रकाशकांनी भरून काढली. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ मध्ये हाती घेतलेली पर्गमॉन प्रेस हे त्याचे ठळक उदाहरण. त्यांनी नव्या उपविषयांसाठी नवी नियतकालिके काढली, ही सेवा संशोधकांना हवीच होती, आणि एका नियतकालिकाची जागा दुसरे घेऊ शकत नसल्याने ग्रंथालयांना दोन्ही घ्यावी लागत. याच काळात, १९५९ मध्ये, झेरॉक्स कंपनीचे ९१४ हे यंत्र बाजारात आले आणि साध्या कागदावर बटण दाबताच प्रत मिळू लागली. मराठीत प्रत काढण्यालाच झेरॉक्स म्हणतात, यावरून त्या यंत्राने किती पालट घडवला याची कल्पना येते. १९६८ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम्स अँड विल्किन्स या वैद्यकीय प्रकाशकाने, अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्यसंस्था आणि राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आपल्या नियतकालिकांच्या प्रती काढून देतात म्हणून अमेरिकी सरकारवर दावा लावला. १९७३ मध्ये क्लेम्स न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी सरकारच्या बाजूने निकाल दिला आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मते चार-चार अशी समसमान पडल्याने तोच निकाल कायम राहिला. ग्रंथालयांचा हा विजय अगदी काठावरचा होता, आणि प्रश्न कायद्यानेच सोडवावा लागणार हे दोन्ही पक्षांना कळून चुकले.

तो कायदा १९७६ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. जुन्या व्यवस्थेत नियतकालिकाने आपल्या नावाची हक्कसूचना छापून निबंध प्रसिद्ध केला की त्यातील हक्क नियतकालिकाकडे गेला असे व्यवहारात धरले जाई. नव्या कायद्याने हे बदलले : अंकात समाविष्ट झालेल्या निबंधाचा हक्क लेखकाचाच, आणि वेगळा करार नसेल तर नियतकालिकाला तो निबंध त्या अंकाचा भाग म्हणून छापण्याची मुभा तेवढी. दुसरी तरतूद अशी की हक्क दुसऱ्याला द्यायचा तर त्यासाठी लेखी दस्त आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. लेखकाला बळ देण्यासाठी केलेल्या या दोन तरतुदींचा परिणाम उलटा झाला. ज्यांनी तोवर कधी लेखी काही मागितले नव्हते ती नियतकालिकेसुद्धा आता छापील नमुना पाठवू लागली, कारण प्रतींवरील शुल्क वसूल करायचे तर हक्क आपल्या नावे असल्याचा कागद हवा होता. असे शुल्क गोळा करणारी मध्यवर्ती संस्था, कॉपीराइट क्लिअरन्स सेंटर, त्याच १९७८ मध्ये सुरू झाली.

हा नमुना नीट वाचून पाहण्यासारखा आहे. बहुधा तो एका पानाचा असतो. आरंभी निबंधाचे नाव आणि लेखकांची नावे; नंतर एक लांब वाक्य, ज्यात 'संपूर्ण मुदतीसाठी', 'जगभर', 'सर्व स्वरूपांत' आणि 'सर्व भाषांत' असे शब्द एकामागून एक येतात; मग लेखकाला परत दिलेल्या सवलतींची लहानशी यादी, म्हणजे आपल्या वर्गात वापरणे, पुढे आपल्याच पुस्तकात समाविष्ट करणे, इत्यादी. आणि तळाशी, सहीच्या ओळीजवळ, पुष्कळ नमुन्यांत एक निराळी चौकट असते : लेखक अमेरिकी सरकारचा नोकर असून हे लेखन त्याने सरकारी कामाचा भाग म्हणून केले असल्यास येथे खूण करावी. याचे कारण असे की अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे तेथील केंद्र सरकारच्या नोकरांनी कामाचा भाग म्हणून केलेल्या लेखनावर त्या देशात स्वामित्वहक्क नसतोच, त्यामुळे तो देण्याचाही प्रश्न येत नाही. या चौकटीत खूण करणाऱ्या शास्त्रज्ञांचे निबंध त्याच नियतकालिकांत, त्याच दर्जाच्या परीक्षणातून, त्याच अंकात छापले जातात. हक्क घेतल्याखेरीज निबंध छापणे, जपणे आणि त्याच्या अस्सलतेची काळजी घेणे शक्य नाही, हा युक्तिवाद प्रकाशकांकडून अनेकदा केला गेला आहे. त्याचे उत्तर त्यांच्याच नमुन्याच्या तळाशी छापलेले आहे.

हस्तांतराचे खरे वजन जाणवले ते नियतकालिके संगणकावर आल्यानंतर. कागदी अंक विकत घेतला की ती प्रत ग्रंथालयाच्या मालकीची होई. ती कोणालाही वाचायला देता येई, दुसऱ्या ग्रंथालयाला उसनी देता येई, आणि पुढच्या वर्षी वर्गणी थांबवली तरी जुने खंड फडताळात राहत. संगणकीय नियतकालिकात ग्रंथालय काहीच विकत घेत नाही. त्याला फक्त परवाना मिळतो, म्हणजे ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या मुदतीपुरती, ठरलेल्या वाचकांसाठी वापरण्याची परवानगी. बाहेरून आलेल्या वाचकाला बसू द्यावे की नाही, हेही मग करारात लिहिलेले असते. १९८० नंतर वर्गण्या सातत्याने चढत गेल्या आणि मोठमोठी विद्यापीठेसुद्धा नियतकालिके बंद करू लागली, याला आर्थिक कारणे अनेक होती. पण त्या सगळ्यांच्या मुळाशी, निबंधाचा दुसरा कोणी पुरवठादारच असू शकत नाही, ही लेखकाच्या सहीने निर्माण झालेली स्थिती होती.

यातून वाट काढण्याचे प्रयत्न वेगवेगळ्या दिशांनी झाले. ऑगस्ट १९९१ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस येथे पॉल गिन्सपार्ग यांनी पदार्थवैज्ञानिकांसाठी एक संगणकीय भांडार सुरू केले. पुढे 'अर्काइव्ह' या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. नियतकालिकाकडे पाठवण्याआधीचा निबंधाचा खर्डा लेखकाने येथे ठेवायचा आणि तो कोणीही वाचायचा, अशी ही पद्धत होती. खर्डे टपालाने एकमेकांना पाठवण्याची चाल या विषयात आधीपासून होतीच, म्हणून तेथील नियतकालिकांनी त्याला फारसा विरोध केला नाही. जीववैज्ञानिकांचा अनुभव वेगळा होता. २००० च्या अखेरीपासून एका जाहीर पत्रावर जगभरातील सुमारे ३४,००० शास्त्रज्ञांनी सह्या केल्या : जी नियतकालिके सहा महिन्यांनंतर आपले निबंध खुल्या भांडारात ठेवणार नाहीत, त्यांत लिहिणार नाही आणि त्यांच्यासाठी परीक्षणही करणार नाही, असा तो संकल्प होता. बहुतेक नियतकालिके बधली नाहीत आणि सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांच्याचकडे परत जावे लागले. एका कागदावर निषेधाची आणि दुसऱ्यावर हस्तांतराची सही करणाऱ्या या विद्वानांना दोष देणे सोपे आहे, परंतु ज्याची नेमणूक आणि बढती नामांकित नियतकालिकातील निबंधावर ठरते त्या एकट्या तरुण संशोधकाकडून त्याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. या पत्रामागील मंडळींनी मग स्वतःच नियतकालिक काढले. 'प्लॉस बायॉलॉजी'चा पहिला अंक ऑक्टोबर २००३ मध्ये आला.

दरम्यान डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्ट येथे जमलेल्या अभ्यासकांनी तयार केलेली घोषणा १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाली आणि 'मुक्त प्रवेश' या कल्पनेला तिने नेमका अर्थ दिला : निबंध कोणालाही विनामूल्य वाचता, उतरवून घेता, वाटता आणि अभ्यासासाठी वापरता यावा, आणि स्वामित्वहक्काचे काम लेखनाची मोडतोड होऊ न देणे आणि लेखकाला श्रेय मिळवून देणे एवढेच असावे. या घोषणेने स्वामित्वहक्क नाकारला नाही, त्याचा उपयोग पालटला, हे तिचे मोठेपण आहे. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने आपले पहिले परवाने प्रसिद्ध केले. ज्याच्याकडे हक्क आहे त्यानेच आधीच, सर्वांना उद्देशून, लेखी परवानगी देऊन ठेवायची, असे त्यांचे स्वरूप आहे. श्रेय देण्याची अट पाळली की वाचकाला पुन्हा कोणाला विचारावे लागत नाही. परंतु असा परवाना देण्यासाठी हक्क लेखकाच्या हातात उरलेला असला पाहिजे, आणि गाडे पुन्हा त्या सहीपाशीच येऊन थांबत होते.

ही गाठ सर्वांत कल्पकतेने सोडवली हार्वर्ड विद्यापीठाच्या कला व विज्ञान विद्याशाखेने. १२ फेब्रुवारी २००८ रोजी तेथील अध्यापकांनी, संगणकशास्त्राचे प्राध्यापक स्टुअर्ट शीबर यांनी मांडलेला एक ठराव एकमताने संमत केला. प्रत्येक अध्यापक आपल्या शोधनिबंधांबाबत विद्यापीठाला एक अनन्य नसलेला परवाना, म्हणजे इतरांनाही देता येईल असा, देत आहे, आणि त्याच्या आधारे विद्यापीठ ते निबंध नफ्याशिवाय सर्वांसाठी खुले करू शकेल, असा त्याचा आशय होता. यातील मर्म वेळेत आहे. परवाना निबंध लिहिला जाण्याच्या क्षणीच लागू झालेला असतो; प्रकाशकाचा नमुना नंतर येतो. घरावर आधीपासून वहिवाटीचा हक्क असेल तर नवा मालक ते घर त्या हक्कासकटच विकत घेतो, तसे येथे होते : लेखकाने पुढे सर्व हक्क दिले तरी आधी दिलेला परवाना त्यावर बसलेलाच राहतो. एखाद्या नियतकालिकाने हट्टच धरला तर लेखकाला या परवान्यातून सूट मागता येते, परंतु मागावी लागते ती सूट. मोकळेपणा गृहीत धरलेला आहे. एकट्या संशोधकाला जे जमत नव्हते ते सगळ्यांनी मिळून, एकदाच आणि आधीच, केले.

युरोपात हाच हेतू कायद्याने साधण्याचा प्रयत्न झाला. जर्मनीत १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार, निम्म्याहून कमी नसलेल्या सार्वजनिक खर्चातून झालेल्या संशोधनाचा निबंध, प्रकाशकाला सर्व हक्क दिलेले असले तरी, प्रसिद्धीनंतर १२ महिन्यांनी लेखकाला आपल्या स्वीकृत हस्तलिखिताच्या रूपात विनानफा खुला करता येतो, आणि हा अधिकार सोडल्याचे करारात लिहिलेले असले तरी ते व्यर्थ ठरते. नेदरलँड्सने २०१५ मध्ये आणि फ्रान्सने २०१६ मध्ये असेच कायदे केले. २०१८ मध्ये 'प्लॅन एस' या नावाने एकत्र आलेल्या, संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थांनी २०२० मध्ये लेखकांना सांगितले की निबंध पाठवतानाच त्यावर, स्वीकृत हस्तलिखिताला मुक्त परवाना लागू आहे, असे वाक्य लिहावे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थांनी आपल्या अनुदानातून निघालेले निबंध १२ महिन्यांच्या आत खुले करण्याची सक्ती २००८ मध्ये केली होती. १ जुलै २०२५ पासून ती मुदतही राहिली नाही.

भारताची या इतिहासातील जागा समजली जाते त्याहून मोठी आहे. १९६७ मध्ये स्टॉकहोम येथे स्वामित्वहक्काविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या फेरविचारासाठी भरलेल्या परिषदेत, विकसनशील देशांना शिक्षण आणि संशोधनासाठी भाषांतराची व पुनर्मुद्रणाची सवलत मिळावी म्हणून भारताने नेतृत्व केले. तेथे मंजूर झालेला उपकरार श्रीमंत देशांच्या विरोधामुळे अमलात आला नाही आणि १९७१ मध्ये पॅरिस येथे त्याची सौम्य आवृत्ती स्वीकारण्यात आली. पण पुस्तके आणि निबंध हा दरिद्री देशाच्या विकासाचा प्रश्न आहे, हे त्यावेळी प्रथमच जागतिक व्यासपीठावर ठासून मांडले गेले. १९५७ चा भारतीय कायदाही लेखकाच्या बाबतीत जागरूक आहे. हक्काच्या हस्तांतराला लेखी दस्त आणि सही लागतेच. शिवाय दस्तात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता समजावा, असे १९९४ च्या दुरुस्तीने ठरवले. परदेशी नमुन्यांतील 'संपूर्ण मुदत' आणि 'जगभर' हे शब्द या संरक्षणाला निष्प्रभ करतात, हे खरे. पण त्यावरून ते शब्द नीट वाचून मग सही करण्याची निकड कळते.

या कायद्याची मोठी कसोटी दिल्लीत लागली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातील रामेश्वरी या झेरॉक्सच्या दुकानात, प्राध्यापकांनी नेमलेल्या निरनिराळ्या पुस्तकांतील प्रकरणांचे संच बांधून मिळत, म्हणून ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ मध्ये ते दुकान आणि विद्यापीठ यांच्यावर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी तो फेटाळला. अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्याने दिलेली मोकळीक वर्गातील तासापुरती नसून अभ्यासक्रमाच्या आखणीपासून परीक्षेपर्यंत साऱ्या शिकवण्याला लागू होते, आणि स्वामित्वहक्क हा निसर्गदत्त अधिकार नसून समाजात ज्ञान वाढावे म्हणून कायद्याने दिलेला आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला. खंडपीठाने त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये हे तत्त्व मान्य करून काही तथ्ये तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले, आणि मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

नियतकालिकांच्या बाबतीत एक धडा मुंबईनेही घालून दिला. परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के.ई.एम. रुग्णालयाच्या अध्यापकांनी १९५५ मध्ये सुरू केलेले 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' एकविसाव्या शतकाच्या आरंभी संगणकावर सर्वांसाठी खुले झाले. लेखकाकडून शुल्क घ्यायचे नाही, वाचकाकडूनही घ्यायचे नाही, आणि छापील अंकाच्या वर्गणीवर व जाहिरातींवर खर्च भागवायचा, अशी ती व्यवस्था होती; मुंबईच्याच मेडनो या प्रकाशनसंस्थेने तिचा विस्तार करून भारतीय वैद्यकीय संघटनांची कितीतरी नियतकालिके याच रीतीने खुली केली. खुले झाल्यावर या नियतकालिकातील जुन्या निबंधांचेही संदर्भ परदेशी संशोधक घेऊ लागले, असे त्याच्या संपादकांनी केलेल्या पाहणीत दिसून आले. २०११ मध्ये मेडनो एका बहुराष्ट्रीय कंपनीने विकत घेतली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान अकादमीने २००७ मध्ये परदेशी प्रकाशकाशी वितरणाचा करार केला, तेव्हाही आपल्या संकेतस्थळावर निबंध विनामूल्य ठेवण्याचा हक्क राखून ठेवला. किती द्यावे आणि काय राखावे, याची समज असली म्हणजे व्यापारी प्रकाशकाशी सहकार्य आणि मोकळेपणा ही दोन्ही एकत्र नांदू शकतात.

अलीकडचे मोठे पाऊल मात्र वेगळ्या दिशेचे आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळजवळ १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी शिक्षण व संशोधन संस्था, असा तिचा पसारा आहे. जिल्ह्याच्या गावातील सरकारी महाविद्यालयाला आजवर जे स्वप्नातही मिळाले नसते ते तिच्यामुळे मिळाले, आणि तेवढ्यासाठी तिचे स्वागतच केले पाहिजे. पण हा वाचण्याचा परवाना आहे, मुदतीचा आहे, आणि संस्थेच्या दारापाशी संपणारा आहे. महाराष्ट्रात तर संस्थेबाहेरच्या अभ्यासकाची परंपरा मोठी आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड कोणत्याही विद्यापीठाच्या नोकरीत नसताना, गावोगाव दप्तरे धुंडाळत फिरून सिद्ध केले; आजच्या काळात त्यांच्यासारख्या माणसाला या योजनेतून एकही निबंध वाचता येणार नाही. त्याच्यापर्यंत निबंध पोचायचा असेल तर तो लेखकानेच, सही करतेवेळी राखलेल्या हक्काच्या जोरावर, खुला केलेला असावा लागतो.

हक्क राखला गेला नाही तर उरते ती मुदत संपण्याची वाट. भारतात ती लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे होती. रवींद्रनाथ ठाकुरांच्या लेखनाची मुदत संपत आली तेव्हा ती वाढवून ६० करण्यात आली. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी वारले, म्हणून त्यांचे लेखन १९७७ च्या आरंभीच मोकळे झाले होते. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी २९ जून १९६६ रोजी वारले. गणित, नाणकशास्त्र, संस्कृत आणि इतिहास या विषयांवरचे, देशोदेशींच्या नियतकालिकांत विखुरलेले त्यांचे निबंध भारतात १ जानेवारी २०२७ रोजी सर्वांचे होतील. इरावती कर्वे १९७० मध्ये गेल्या, त्यांच्या लेखनासाठी २०३१ उजाडावे लागेल. आणि तीस वर्षांची एखादी संशोधिका २०२५ मध्ये आपल्या पहिल्या निबंधाचे सर्व हक्क लिहून देत असेल आणि ती ऐंशी वर्षे जगली, तर तो निबंध मुदतीच्या नियमाने मोकळा होण्याचे साल आहे २१३६.